भोवऱ्याजवळचे केस

१

दर रविवारी सकाळी दहा वाजता सोजरबाई माझ्या डोक्याचे चार फोटो काढतात. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून. भांडी घासून झाली की पदराला हात पुसतात आणि माझा फोन घेऊन खिडकीपाशी उभ्या राहतात.

"साहेब, खाली बघा. आजून खाली. देवापुढं बी एवढं वाकत न्हाई तुम्ही."

हे फोटो मी कर्वे रस्त्यावरच्या दवाखान्यात पाठवतो. तिथं अडीच वर्षांपूर्वी माझी केस लावण्याची पहिली शस्त्रक्रिया झाली. तेव्हा पुढचा भाग भरला. मागचा, भोवऱ्याभोवतीचा बशीएवढा भाग दीडेक वर्षानं करू, असं ठरलं होतं. पण मधल्या काळात मुक्ता, माझी बायको, गेली आणि तो विषय मागे पडला. या जूनमध्ये मीच फोन करून दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख मागितली. चौपन्नाव्या वर्षी एकट्या माणसाला हे कशाला हवं, असं तोंडावर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्यापाशी उत्तर होतं. शेवटच्या आठवड्यांत मुक्ता दोनदा म्हणाली होती, "अहो, मागचं राहिलंय तुमचं. करून घ्या." तिनं त्या दिवसांत फार थोड्या गोष्टी दोनदा सांगितल्या.

तारीख मिळाली अठरा ऑगस्ट. तोवर दर रविवारी फोटो पाठवायचे होते, म्हणजे किती भाग भरायचा याचा अंदाज दवाखान्याला येणार होता.

पाचव्या रविवारी सोजरबाईंनी वरून फोटो काढला आणि फोन माझ्या हातात देण्याऐवजी स्वतःच बघत राहिल्या.

"औषध लागू पडलं जणू. टाळू झाकत आली की तुमची."

"औषध काही चालू नाही, सोजरबाई."

"मंग ह्ये काय हाय?"

त्या गेल्यावर मी पाचही रविवारचे फोटो कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. पहिल्यात बशीएवढं टक्कल होतं. पाचव्यात ते वाटीच्या तळाएवढं झालं होतं. उजेड वेगळा असेल, डोकं ओलं असेल, कोन बदलला असेल, अशी कारणं मी काढली. ती सगळी बरोबर असू शकत होती. तरी एक गोष्ट मला खटकली. जागा कडेकडून आत भरत आली होती, एका वळणाच्या आत दुसरं वळण, अगदी नेटकं. केस उगवतात तेव्हा इतके शिस्तीत उगवत नाहीत.

२

मुक्ता हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं होती. डोळ्याला भिंग लावायचं, केसाइतक्या बारीक तारेची कमान चिमट्यात धरायची आणि काट्याखाली बसवायची, हे तिचं काम. परदेशी यंत्रं स्वस्तात यायला लागली आणि दोन हजार नऊ साली कारखाना बंद पडला. आता तिथं काचेची इमारत आहे. त्यातल्याच एका कंपनीसाठी मी घरी बसून मोबाइलच्या पडद्यावरची वाक्यं मराठीत करतो. कारखान्यातली जुनी माणसं भेटली की अजून मुक्ताच्या हाताबद्दल बोलतात. ती डावखुरी होती. नव्या मुलींना तिच्या शेजारी बसवत नसत, कारण त्यांचेही हात उलटे वळायला लागायचे.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ती म्हणाली, मी आत बसणार. डॉक्टर घोरपडे म्हणाले, बसा, पण आठ तास आहेत, सिनेमासारखं मध्यंतर नाही. तिनं टोपी घातली, तोंडाला पट्टी बांधली आणि स्टुलावर बसली.

डॉक्टर मानेवरून एकेक केस मुळासकट काढत होते. इवल्याशा गोल पात्यानं, भातातून खडा वेचावा तसा. काढलेले केस मिठाच्या थंडगार पाण्यात ओल्या पट्टीवर ठेवायचे. तिथून ते उचलून माझ्या कपाळामागे बसवण्याचं काम दीपमालाचं. ती वाशीमकडची, वय असेल सव्वीस-सत्तावीस. मी पालथा नि उताणा होत दिवसभर पडून होतो, डोळ्यांवर पट्टी. तरी तिच्या हाताची लय मला कळत होती.

"कोरडं पडलं की मूळ मेलं, काकू," ती मुक्ताला सांगत होती. "आणि नुसतं खोचून भागत नाही. तिरकेपणा पाहावा लागते. केस कोणत्या बाजूला पडणार, ते आत्ताच ठरते."

"तुमचा हात बघत राहावा असा आहे हो," मुक्ता म्हणाली.

"तुम्ही पहिल्याच पाहून राहिल्या. पेशंट घोरतात आणि घरचे मोबाइल पाहतात."

डॉक्टर जेवायला गेले. मग मुक्ता हळूच म्हणाली, "एक मला लावू द्या ना."

"काकू, माझी नोकरी घालवता काय?"

पण चिमटा दिला असावा. कारण त्यानंतरचा स्पर्श वेगळा होता. दीपमालाचा हात यायचा आणि लगेच सुटायचा. हा हात टेकला, थांबला, मग सुटला. असं तीनदा झालं.

"जमलं का?" मुक्तानं विचारलं.

"काकू," दीपमाला म्हणाली, "तुम्ही इथं कामाला या."

त्या दिवशी मुक्ताच्या पर्समध्ये तिचा तपासणीचा रिपोर्ट होता. मला तिनं चौथ्या दिवशी सांगितलं, माझं डोकं पहिल्यांदा धुऊन झाल्यावर. पुढच्या महिन्यांत माझे केस येत होते आणि तिचे उशीवर सापडत होते. उपचार संपल्यावर तिचेही आले. पूर्वीसारखे राठ, सरळ नव्हे. मऊ, काळेभोर, टोकाशी कुरळे, जावळासारखे. त्यांचं तिला इतकं कौतुक होतं की दारात आलेल्या गॅसवाल्यालासुद्धा एकदा तिनं स्कार्फ काढून दाखवले. बोटाच्या दोन पेरांएवढे झाले, तेव्हा दुखणं परतलं. ते केस असतानाच ती गेली.

३

जेवणानंतर दोन ते साडेतीन मी झोपतो. कामाच्या खोलीत दिवाण आहे. त्याच्या उशाकडे दार आणि समोर टेबल. कंपनीतली तरुण मुलं म्हणतात, सर, तुम्ही लंच अवरमध्ये अनरीचेबल असता. मी म्हणतो, पुण्यात राहतो.

जुलैच्या मध्यापासून झोपेतून उठल्यावर टाळूला गार लागायचं. हात लावला तर ओलं, आणि ओलं तेवढंच, कपाळ कोरडं. एकदा बोट जिभेला लावून पाहिलं. खारट. घाम, मी म्हटलं. डोक्यावर पंखा फिरत होता.

मग फ्रिजमध्ये वाटी दिसली. खालच्या कप्प्यात, झाकण ठेवलेली स्टीलची छोटी वाटी. आत पाणी, आणि पाण्यात कापसाची पातळ पट्टी, चौपदरी घडी करून.

"सोजरबाई, हे काय ठेवलंय?"

"म्या? म्या फ्रिजात वाटीभर पानी कशाला ठिवीन? बाटल्या काय कमी हायती?"

मी वाटी ओतून धुऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवायला दही काढताना पुन्हा तिथंच. तीच घडी, सुटे दोरे दिसू नयेत म्हणून कडा आत दुमडलेल्या. सोजरबाई घड्या घालतात त्या कशा, हे मला ठाऊक आहे. माझ्या शर्टांवर त्या रोज दिसतात.

स्वयंपाकघरातलं स्टूल दुपारनंतर दिवाणाच्या उशाशी सापडू लागलं. मीच पुस्तक काढायला आणलं असेल. मी परत नेऊन ठेवायचो. एकटा माणूस विसरतो, दोनदा करतो, केलेलं आठवत नाही. यावर वर्तमानपत्रांत लेख येतात आणि मी ते वाचतो. तीन-चार दिवस मी अशी स्वतःची समजूत घातली.

शेवटी कपाटातून मुक्ताचा शिवणाचा डबा काढला. कारखाना बंद झाला तेव्हा तिनं स्वतःचा चिमटा तेवढा घरी आणला होता, टोकाला सुईसारखा निमुळता. तो जागेवर होता. नेहमीच्या फडक्यात गुंडाळलेला, आणि फडकं ओलं होतं.

मी ते उन्हात वाळत घातलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

४

अकरा ऑगस्टला दवाखान्यात बोलावलं होतं. शस्त्रक्रियेआधी एक आठवडा डोक्यावर पेनानं खुणा करतात, किती केस लागतील ते ठरवतात.

डॉक्टर घोरपडे माझ्या मागे उभे राहिले आणि बोटांनी टाळूवरचे केस बाजूला सारून पाहू लागले.

"तुपे," ते म्हणाले, "दुसरीकडे करून घेतलंत तर घेतलंत. तुमचं माझं काही लग्न लागलेलं नाही. पण मग इथं कशाला आलात?"

"मी कुठंही काही केलेलं नाही, डॉक्टर."

"मग देवानं केलं. पुढच्या तपासणीलाही तिकडंच जा." आणि दीपमालाला म्हणाले, "बघ जरा. काय राहिलंय ते सांग."

ते बाहेर गेले. दीपमालानं भिंगाचा कॅमेरा माझ्या टाळूवर टेकवला, आणि समोरच्या पडद्यावर माझं डोकं दिसू लागलं, शेतासारखं मोठं. ती कॅमेरा सरकवत गेली. एकही केस दुसऱ्याच्या वाटेत नव्हता. भोवऱ्याच्या वळणाबरोबर प्रत्येकाचा कल किंचित बदलत होता, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेल्या पिकासारखा. मला त्यातलं काही कळत नाही, तरी मी बघत राहिलो.

"अरे बाप रे," दीपमाला म्हणाली. दचकली की तिची वऱ्हाडी पूर्ण बाहेर येते. "हे काऊन असं? काका, हे मशीननं नाही होत. हे माझ्याच्यानंही नाही होणार. हे डाव्या हातानं केलं आहे. हा कल पाहा. उजव्या हाताचा माणूस असा नाही लावू शकत."

ती हसायला लागली.

"काकूंनी केलं नं? घरी? सांगा त्यांना, असं करत नसतात, जंतू जातात आत. मी ओरडली म्हणून सांगा." मग हळू आवाजात, "पण काय हात आहे हो, काका. मी त्या दिवशी म्हटलं होतं."

तिला मुक्ता गेल्याचं माहीत नव्हतं. सांगायला हवं होतं. पण कुणीतरी मुक्ताबद्दल 'आहे' म्हणत होतं, आणि ते मला थांबववलं नाही.

दीपमालानं माझी मान पुढे वाकवली. मानेवर तिची बोटं फिरली आणि थांबली.

"मागून तर एकही काढलेला नाही. मागच्या वेळचेच ठिपके आहेत. मग केस आणले कुठून?" तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एकच केस मोठा केला. मऊ, काळाभोर, टोकाशी वळलेला. "हे तुमचे नाहीत. तुमचा केस जाड आहे. पण दुसऱ्याचा केस लागतच नाही, काका. शरीर बाहेर फेकते. हे तर सगळे लागले."

"लागलेत?"

"पक्के." तिचं हसू मावळलं होतं. "काकूंनी स्वतःचे तर नाही काढले? त्यांना सांगा, बाई, बस करा. काढलेल्या जागी केस पुन्हा येत नाही. कधीच येत नाही. इथं जितके आले तितके तिकडून गेले. एवढं भरलं म्हणजे त्यांची मान मागून पार मोकळी झाली असेल."

मधलं, भोवऱ्याच्या पोटातलं, रुपयाएवढं उरलं आहे, असं तिनं कागदावर लिहिलं. अठराची तारीख रद्द करायची का, असं तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "माझ्याच मानेवरचे काढा आणि ते भरून टाका."

"दुसऱ्याच्या अशा कामात हात घालायला मला जिवावर येते."

"भरून टाका," मी पुन्हा म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण तिनं मान हलवली आणि खूण केली.

५

माझा हिशेब सरळ होता. सात दिवस दुपारी झोपायचं नाही. अठराला ती जागा माझ्याच केसांनी भरली की तिला करण्यासारखं काही उरणार नाही, आणि तिच्याकडे जे काही शिल्लक आहे ते तिच्याकडे राहील. एकदा तिचे गेले होते. ते परत आले तेव्हा ती आरशापुढे किती वेळ उभी राहायची, हे मी पाहिलं होतं.

बारा तारखेला मी दुपारी दोनला घराबाहेर पडलो आणि गाडीतळापर्यंत चालत जाऊन आलो. तेराला बसून काम केलं. घरात कुठं काही हललं नाही. स्टूल स्वयंपाकघरातच होतं. मला बरं वाटलं, आणि रिकामंही वाटलं. त्या दोन दुपारींएवढं एकटं मला गेल्या चौदा महिन्यांत वाटलं नव्हतं.

चौदा तारखेला चारच्या चहाला दूध काढताना खालच्या कप्प्यात वाटी दिसली. झाकण उचललं. पट्टीवर केस ठेवलेले होते, मुळांसकट, शेजारी शेजारी, सगळी मुळं एका बाजूला. पांढरी, तांदळाच्या कण्यांसारखी. वाटीतलं पाणी आटलं होतं आणि मुळं सुकली होती. तिनं काढून ठेवले होते, आणि मी झोपलो नव्हतो.

पंधराला पुन्हा. सोळाला पुन्हा, आणि त्या दिवशी जास्त होते, जणू उशीर होत चालला म्हणून घाई केली असावी. मी न झोपल्यानं ती थांबत नव्हती. केस जात होते ते जातच होते, आता नुसते वाया.

ते फेकायचं मला जमलं नाही. कागदात ठेवले.

सतरा तारखेला मी दीड वाजता फ्रिज उघडला. वाटी होती. पाणी गार आणि भरपूर, मुळं ओली, ताजी. मी झाकण घातलं, जेवलो आणि दिवाणावर जाऊन एका कुशीवर निजलो, तोंड टेबलाकडे करून. ठरवलं होतं की झोपायचं नाही, डोळे मिटून पडायचं, आणि ती आली की एकच शब्द बोलायचा. पुरे. तो शब्द मी मनात घोळवून ठेवला. तो बोलला की ती थांबेल. बहुधा पुन्हा येणारही नाही. हेही मी मनात घोळवून ठेवलं होतं.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मग ती सुरू झाली आणि गेली. त्यानंतर फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, रबर सुटताना येतो तो. फरशीवर स्टुलाचे पाय टेकले, आधी दोन, मग दोन. वाटी कशावर तरी ठेवली गेली.

टाळूला गार लागलं. हात टेकला, थांबला, सुटला. कमान बसवताना मुक्ता श्वास रोखून धरायची आणि ती बसली की सोडायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी कारखान्यात डबा द्यायला गेलो होतो तेव्हा मी ते पाहिलं होतं. माझ्या डोक्यामागे तसाच श्वास सुटला. मग काहीच नाही. मग हात टेकला. दुखत मुळीच नव्हतं. इतकं नेमकं काम माझ्या अंगावर कुणी कधी केलं नाही, आणि त्या अवस्थेतही मला त्याचं कौतुक वाटलं, हे लिहून ठेवायला हवं.

शब्द ओठांवर होता. मी डोळे उघडले.

समोर कॉम्प्युटरचा बंद पडदा होता. काळ्या काचेत खिडकीचा उजेड, दिवाणाची कड, माझी कूस. आणि उशाशी कुणीतरी बसलेलं. चेहरा दिसत नव्हता, कारण ते वळून खाली वाकलं होतं आणि डावा हात स्वतःच्या मानेमागे गेला होता. मान माझ्याकडे होती. मानेवर ठिपके होते. कानांच्या खाली, कानांच्या वर, पार माथ्यापर्यंत, रांगेत, एकसारख्या अंतरावर, पांढरे. कुठंही घाई नव्हती. कपाळाकडच्या बाजूला दोन बोटं रुंदीची केसांची पट्टी तेवढी उरली होती. चिमट्याचं टोक ठिपक्यांवरून सरकत तिकडे गेलं, थांबलं, आणि खांदा किंचित वर झाला, आपल्याला दुखतं तेव्हा होतो तसा.

आता बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. बाहेर ऊन होतं, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, आणि खोलीत दोन माणसं होती. बोललो असतो तर एकच राहिलं असतं.

माझ्या डोक्यामागे श्वास रोखला गेल्याचं मला कळलं. मी डोळे मिटले आणि मान जरा डावीकडे वळवली, तिच्या हाताला सोयीची पडेल अशी.